सीना-भीमेच्या काठावर पाणी तपासायला सुरुवात करताना

"पाणी तपासायचंय, मशीन कोणतं घेऊ?" नदीच्या कामात उतरू पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण मला पहिला हाच प्रश्न विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्या, मशीन महिन्याभरानं घेतलं तरी चालेल. एकाच जागी, एकाच वेळी, वर्षभर जाऊन लिहिलेली साधी नोंद खूप काही सांगते. दहा ठिकाणी एकेकदा महागड्या मशीननं घेतलेल्या आकड्यांतून तेवढं कळत नाही. सोलापूर जिल्ह्यात तर हे जास्तच लागू पडतं, कारण आपल्या नद्या वर्षातले बरेच महिने नदीसारख्या वागतच नाहीत.

जिल्ह्यात पाऊस पडतो वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. भीमेत दिसणारं पाणी बहुतेक पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अंगाला पडलेलं असतं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून ते उजनीत येतं आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही त्याच वाटेनं येतं. उजनी धरणाचा साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी. धरणाच्या खाली भीमा वाहते ती पावसाळ्यात विसर्ग सुटल्यावर, नाहीतर आवर्तन, म्हणजे पिण्यासाठी-शेतीसाठी धरणातून पाळीनं सोडलेलं पाणी, सुटल्यावर. एरवी ती कोल्हापूर पद्धतीच्या, दारं टाकता-काढता येणाऱ्या बंधाऱ्यांमागे अडलेल्या डोहांची माळ असते. सीनेचंही तेच. म्हणून आपल्याकडे वहीच्या प्रत्येक पानावर, तारखेच्या लगेच खाली, एक ओळ आलीच पाहिजे: आज पाणी वाहतंय की उभं आहे? बंधाऱ्याला दारं टाकलेली आहेत की काढलेली? ही ओळ नसेल तर पुढचे सगळे आकडे लंगडे पडतात. आवर्तन सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना आणि त्याच जागी महिनाभर उभ्या राहिलेल्या पाण्याचा नमुना या दोन वेगळ्या नद्या समजा.

जागा ठरवणं

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा घ्या. लांबची सुंदर जागा निवडली की तिसऱ्या महिन्यात जाणं बंद होतं, हे मी बऱ्याच उत्साही गटांच्या बाबतीत पाहिलंय.

सोलापूर शहरात राहणाऱ्यांना सीना जवळची. पुणे रस्त्यावर लांबोटी, मंगळवेढा रस्त्यावर तिऱ्हे, विजयपूर रस्त्यावर वडकबाळ, असे तीन रस्ते नदीला तीन ठिकाणी ओलांडतात. तीन मित्रांनी एकेक पूल वाटून घेतला तर नदीचा एक मोठा पट्टा आपोआप हाताखाली येतो. पंढरपूरकरांनी गावाच्या वर गुरसाळ्याच्या बंधाऱ्याकडे एक जागा, घाटावर एक आणि खाली गोपाळपूरच्या बाजूला एक अशा तीन जागा घ्याव्यात. वर, गावात आणि खाली. ही तिकडी फार महत्त्वाची आहे. नुसत्या घाटावरचं पाणी तपासून गावानं नदीत किती भर घातली ते कळत नाही, वरून काय आलं तेही माहीत असावं लागतं.

नाला किंवा ओढा नदीला मिळतो त्या तोंडावर नमुना घेण्याचा मोह टाळा. तिथं मिळतो तो नाल्याचा आकडा, आणि तो नदीच्या नावावर लिहिला जातो. नाला स्वतंत्र मोजा, नदी नाल्याच्या वर मोजा, आणि मग पुरेसं खाली, दोन्ही पाणी एकजीव झालेलं असेल तिथं. संगमावर हे डोळ्यांनी शिकता येतं. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, तिथं एकदा मुद्दाम जा. दोन्ही नद्यांच्या गढूळपणात फरक असेल तर दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी चालताना दिसतात. शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख ज्या देवळात आहे तेही तिथंच आहे. हजार वर्षांपूर्वी कुणालातरी काहीतरी कायमचं लिहून ठेवावंसं वाटलं ती जागा नदीकाठची होती, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

जागा ठरली की तिचा एक फोटो काढा, पुलाचा कितवा खांब, कोणतं झाड, कोणत्या बाजूचा काठ हे लिहा. नदीचं पात्र बदलतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, त्यानंतर काठाच्या ओळखीच्या खुणाही ओळखू येईनात.

पाण्यात उतरण्याआधी

चार गोष्टी सांगतो आणि त्या तुम्ही पाळाव्यात असं मनापासून वाटतं.

वाळू उपशानं पात्रात खड्डे पडलेले असतात. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढचं पाऊल पुरुषभर खोल जातं. चंद्रभागेत दर वर्षी माणसं अशीच बुडतात. अनोळखी जागी उतरायचं नाही, काठीनं चाचपत जायचं, आणि एकट्यानं कधीच नाही. दुसरं, काठावरच्या शेतीपंपांच्या वायरी. ओल्या मातीत सोललेली वायर पडलेली असते, मोटार फळीवर तरंगत असते. मोटारीच्या आसपास पाण्यात पाय घालू नका, मालकाला विचारा. तिसरं, आवर्तन. सोलापुरात कडक ऊन असतानाही उजनीतून पाणी सुटलं की पातळी चढते. जाण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन करून पाण्याची खबर घ्यायची सवय लावा. चौथं, हातापायाला जखम असेल तर सांडपाण्याच्या पट्ट्यात उतरू नका. रबरी बूट आणि हातमोजे घाला, घरी आल्यावर साबणानं हातपाय स्वच्छ धुवा.

पुलावरून दोरीला बादली बांधून नमुना घेणं हे नवख्यासाठी सगळ्यात बरं. बादली आधी तीनदा नदीच्याच पाण्यानं विसळायची.

पिशवीत काय असावं

वही आणि शिसपेन्सिल (शाई ओली झाली की पसरते), साधा काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर, पीएच मीटर (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारं) किंवा निदान पीएच पट्ट्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि वाहकता (पाणी वीज किती वाहून नेतं) दोन्ही दाखवणारं पेन, ऑक्सिजन मोजायचं रासायनिक किट, पारदर्शकता पाहायची तबकडी, पिठाची बारीक चाळण, पांढरा प्लास्टिकचा टब. बस.

तबकडी घरी बनते. वीस सेंटिमीटर व्यासाचं झाकण घ्या, त्याचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा. सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडायची. दिसेनाशी होते ती खोली, वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहायची. पावसाळ्यात पाच-सहा सेंटिमीटरवर गायब होते, थंडीत दीड-दोन हात खाली दिसते. गढूळपणा मातीचा आहे की शेवाळाचा, हे मात्र तबकडी सांगत नाही. त्यासाठी पाणी काचेच्या ग्लासात घेऊन रंग लिहा: तांबूस, हिरवा, काळपट, चहासारखा. आणि वास. वासाला आकडा नसतो म्हणून लोक तो लिहीतच नाहीत. कुजक्या अंड्यासारखा, मळीसारखा, फिनाइलसारखा, ओल्या मातीसारखा, जसा येईल तसा मराठीत लिहा.

पीएच मीटर वापरण्याआधी दर वेळी बफर, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावं लागतं. आपल्याकडे ४, ७ आणि ९.२ ची बफरं मिळतात. नदीसाठी ७ आणि ९.२ पुरतात. मीटरची काचेची टोकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, त्यानं ती खराब होतात. ती पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायची असतात.

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं एफटीके किट, म्हणजे जागेवरच पाणी तपासायची पेटी, असतं. गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण देण्याची त्या योजनेत तरतूद आहे. त्या ताईंना भेटा. कडकपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड कसं मोजायचं ते त्या तुम्हाला अर्ध्या तासात दाखवतील. पण ते किट पिण्याच्या पाण्यासाठी आहे. माशाला, शिंपल्याला, किड्याला जगायला जे सगळ्यात आधी लागतं तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ते किट सहसा मोजत नाही. म्हणून त्याचं वेगळं किट घ्यावं लागतं, आणि माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करावेत.

ऑक्सिजन: इथं घाई करू नका

रासायनिक पद्धत जुनी आहे आणि विश्वासाची आहे. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची. एकही बुडबुडा आत राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन हिशेबात येतो. बाटलीत मँगनीज सल्फेट २ मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. बूच लावून उलटी-सुलटी करायची. गाळासारखा साका तयार होतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पांढरा साका एकदा पाहिला की विसरत नाही.

साका खाली बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. हे काम मोठ्यांनीच करायचं, चष्मा आणि हातमोजे घालून. पाणी सोनेरी पिवळं होतं. इथपर्यंतचं काम नदीवरच उरकावं, पुढचं त्याच दिवशी घरी करता येतं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. फिकट झालं की स्टार्चचे काही थेंब टाकायचे, पाणी निळं होतं. निळा रंग जाईपर्यंत जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. छोट्या किटमध्ये हेच थेंब मोजून करतात.

आता त्या आकड्याचा अर्थ. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशाला ७.६. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच असल्यानं आपल्याकडे त्याहून पाचेक टक्के कमी धरायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन किमान ५ आणि वन्यजीव-मत्स्यजीवनासाठी किमान ४ असावा लागतो. म्हणजे मे महिन्यात आपल्या नदीला चुकायला वावच फार थोडा असतो.

मी स्वतः पहिल्या वर्षी इथं चुकलो. सीनेवरच्या एका बंधाऱ्यामागं पाणी हिरवंगार झालं होतं. मी दुपारी दोन वाजता ऑक्सिजन मोजला, तो अकराच्या आसपास आला. पुस्तकात पाच पुरेसा म्हटलेलं, इथं अकरा. मी गावात सांगून आलो की पाण्याला काही झालेलं नाही. चार दिवसांनी पहाटे तिथं मासे मेले. जाळं टाकणारे एक काका काठावर बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं मशीन दुपारी येतंय. मासं पहाटं मरत्यात."

पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, इतका की पाण्यात मावतो त्याहून जास्त साठतो. दुपारी अकरा, बारा, कधी चौदासुद्धा येतो. रात्री तेच शेवाळ आणि तळाचा कुजणारा गाळ ऑक्सिजन खात राहतो. सूर्य उगवण्याआधीचा तास हा सगळ्यात कमी ऑक्सिजनचा. दुपारचा आकडा जितका डोळे दिपवणारा, तितका पहाटेचा धोक्याचा असण्याची शक्यता जास्त. तेव्हापासून माझा नियम आहे. महिन्यातून एकदा तरी एकाच जागी दोन वेळा मोजायचं, उजाडण्याआधी आणि दुपारी तीनला. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या डोहाची तब्येत. अंतर दोन-तीनचं असेल तर ठीक. सात-आठचं असेल तर पाण्यात खत किंवा सांडपाणी जास्त झालंय, आणि एखाद्या ढगाळ, वारा पडलेल्या रात्रीचं निमित्त मिळालं की मासे वर येऊन श्वासासाठी तोंडाची उघडझाप करायला लागतील.

पहाटे जाणं जमत नसेल तर रोज सकाळी सातलाच जा, पण वेळ बदलू नका. एक रविवार सातला, दुसरा अकराला असं केलंत तर नोंदीत नदी कमी आणि तुमचं वेळापत्रक जास्त दिसेल.

पीएच आणि क्षार, थोडक्यात

आपल्या बेसॉल्टच्या, काळ्या मातीच्या मुलखात नदीचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असतं, पीएच आठच्या आसपास आला तर दचकू नका. हिरव्या पाण्यात दुपारी तो नऊपर्यंतही चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. इथं एक धोका लपलेला आहे. सांडपाण्यातला अमोनिया पीएच कमी असताना बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्याचा जेमतेम एक टक्का भाग माशाला विषारी असलेल्या मुक्त रूपात असतो, पीएच ९ ला तोच भाग चाळीस टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, पण दुपारी विखारी. म्हणून अमोनियाची पट्टी वापरलीत तर त्याच क्षणीचा पीएच आणि तापमान शेजारी लिहा, नाहीतर तो आकडा वाचता येत नाही.

टीडीएस पेनच्या आकड्यावर लोक फार विसंबतात. ते पेन प्रत्यक्षात पाण्याची वाहकता मोजतं आणि एका ठरावीक गुणकानं टीडीएस दाखवतं. हा गुणक पेनागणिक वेगळा, ०.५ पासून ०.७ पर्यंत. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत ते बरेचदा यामुळं. वाहकताच लिहा, मायक्रोसीमेन्समध्ये. सिंचनासाठीची मर्यादा २२५० आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाहकता कशी चढत जाते ते पाहा. पाणी आटतं, क्षार तिथंच राहतात, आणि उसाच्या रानातून पाझरून परत येणारं पाणी त्यात भर घालतं.

नायट्रेटच्या पट्टीवर आकडा नायट्रेटचा आहे की नुसत्या नायट्रोजनचा ते तपासा. नायट्रोजनचे १० म्हणजे नायट्रेटचे ४४. पिण्याच्या पाण्याची ४५ ची मर्यादा नायट्रेटची आहे. ही गफलत अनुभवी माणसांकडूनही होते.

टबातले जीव

रसायनं त्या क्षणाची गोष्ट सांगतात. काल रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि पाणी वाहून गेलं, तर सकाळी आकडे साफ येतील. पण दगडाखालचे किडे महिनोन्‌महिने तिथंच असतात, ते कुठं पळून जात नाहीत. मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच, आणि शाळेतल्या मुलांना घेऊन करायचा भागही हाच. ॲसिड नको, मीटर नको.

बंधाऱ्याच्या खाली जिथं पाणी दगडांतून खळाळतं ती जागा शोधा. चाळण प्रवाहाच्या आड धरा आणि वरच्या बाजूचे दगड पायानं तीन मिनिटं हलवा. सुटलेले जीव चाळणीत येतात. ते टबात उलटे करा आणि पाणी निवळू द्या. उभ्या डोहात असा खळाळ नसतो, तिथं पाणवनस्पतींची मुळं आणि काठाचं गवत चाळणीत झटका. पाहून झाल्यावर सगळे जीव होते तिथंच परत सोडा.

काय दिसतं? तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडवणारी मेफ्लायची अळी दिसली तर पाण्यात ऑक्सिजन बऱ्यापैकी टिकतोय. वाळूचे कण चिकटवून स्वतःचं नळीसारखं घर करणारी कॅडिसफ्लायची अळी असेल तर आणखी चांगलं. नवखा माणूस टाचणीच्या (चतुरासारखा बारीक किडा) पिल्लाला हमखास मेफ्लाय समजतो, कारण त्यालाही मागं तीन 'शेपट्या' असतात. नीट पाहा, टाचणीच्या त्या तीन पात्यांसारख्या चपट्या असतात आणि पोटाच्या बाजूला कल्ले नसतात. चतुराची पिल्लं, टाचण्या, पाणभुंगे, खेकडे, शिंपले हा मधला गट. ते थोडं बिघडलेलं पाणी सोसतात. लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या, म्हणजे कायरोनोमस, यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन नसलेल्या गाळातही त्या जगतात. गाळात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे ट्युबिफेक्स आणि लांब श्वासनळी पाण्याबाहेर काढणारी उंदराच्या शेपटीसारखी अळी, हे दोघं दिसले आणि बाकी काहीच दिसलं नाही, तर ती जागा सांडपाण्याची झाली आहे.

लाल अळ्या दिसल्या म्हणून लगेच निकाल देऊ नका. त्या चांगल्या नदीच्या गाळातही असतात. त्यांच्या शेजारी आणखी कोण राहतंय, यावर सगळं ठरतं. या जिवांना गुण देऊन पाण्याची प्रत काढायची पद्धत केंद्रीय मंडळानंही स्वीकारली आहे, पण पहिल्या वर्षी गुणांच्या मागं लागू नका. स्वच्छ पाण्यातले किती प्रकार, मधले किती, घाणीतले किती, एवढंच लिहा. फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून.

पक्षी आणि मासेही वहीत येऊ द्या. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्यांचे मोठे थवे सांडपाण्याच्या चिखलात मी नेहमी पाहतो. नदी सुरय हा पक्षी वाळूच्या बेटांवर अंडी घालतो, त्याला बेटंच उरली नाहीत तर पाणी कितीही शुद्ध असून उपयोग नाही. कोळी बांधवांना जाळ्यात काय येतं ते विचारा. "आता सगळी चिलापीच" असं उत्तर उजनीच्या काठावर आणि खालीही ऐकू येतं. चिलापी बाहेरून आलेला मासा आहे आणि त्याला बरंच काही सोसतं. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळं ते मिळतात यावरून पाण्यात ऑक्सिजन आहे असं ठरत नाही. शिवडा, वांब, लहान खवल्यांचे मासे कधीपासून येईनासे झाले, ते विचारा आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्या.

प्रयोगशाळेत द्यायचे नमुने

बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते) आणि कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) यांची तपासणी घरी करू नका. बीओडीसाठी आपल्याकडे नमुना २७ अंशाला तीन दिवस अंधारात ठेवतात आणि त्यात किती ऑक्सिजन खर्च झाला ते पाहतात. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, प्रवाहाकडे तोंड करून हातभर पाण्याखाली उघडा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोचवा. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत फिरलेल्या बाटलीचा अहवाल कुणालाच उपयोगी पडत नाही.

आषाढीला पंढरपुरात हे करायचं असेल तर वारीच्या आठ दिवस आधी, दशमी-एकादशीला आणि पौर्णिमा उलटल्यावर आठ दिवसांनी असे तीन नमुने घ्या. वारीसाठी उजनीतून पाणी सोडतात, त्याची तारीख नोंदीत हवीच. मल-कोलिफॉर्मची आंघोळीसाठीची इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरला ५००, कमाल २५००. लाखो माणसं श्रद्धेनं ज्या पाण्यात बुडी मारतात, त्याचा आकडा त्यांना कळायला हवा, असं मला वाटतं.

वर्षाचं गणित

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी लाल, गढूळ. किडे शोधत बसू नका, पहिल्या पुराच्या पाण्याची नोंद मात्र चुकवू नका, कारण चार-सहा महिने नाल्यांत साचलेलं सगळं त्या एका लोंढ्यात येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळतं आणि त्याच सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटतात. गाळपाच्या हंगामात रंग, वास आणि ऑक्सिजन यांच्यावर आठवड्याला नजर ठेवा. डिस्टिलरीच्या सांडपाण्याची बीओडी हजारांच्या घरात असते, थोडंसुद्धा उभ्या पाण्यात आलं तर डोह संपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा किडे पाहायचा, मुलांना नेण्याचा काळ. मार्चपासून पहाटेच्या फेऱ्या.

मासे मेले तर

या दिवशी पहिले दोन तास सगळं ठरवतात. मेलेले मासे मोजण्याआधी पाणी धरा. ऑक्सिजन, पीएच, तापमान, वाहकता, लगेच. ऊन चढलं की ऑक्सिजन वाढायला लागतो आणि पुरावा विरघळतो. दोन स्वच्छ बाटल्या काठोकाठ भरून बर्फात ठेवा. मग काठानं वर चालत जा, जिवंत मासे दिसेपर्यंत. मेलेले जिथं संपतात आणि जिवंत सुरू होतात, त्या दोहोंच्या मध्ये कुठंतरी कारण असतं.

कोण मेलंय ते पाहा. पहाटे, मोठे मासे आधी, आणि मरळ-मांगूर शाबूत, तर बहुधा ऑक्सिजन संपला. दिवसाढवळ्या, लहान-मोठे सगळे, मरळ आणि खेकडेसुद्धा, तर विषारी काहीतरी आलंय, त्या पाण्यात हात घालू नका आणि जनावरं पाण्यावर जाऊ देऊ नका. मेलेले मासे कुणी खायला किंवा विकायला नेत असेल तर थांबवा, हात जोडून का होईना.

त्याच वेळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि तहसीलला कळवा, फोननं आणि लेखी, दोन्ही. तुमचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे सोडलेल्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानंच, संबंधिताला नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून घ्यायचा असतो. पण अधिकाऱ्याला त्याच दिवशी बोलवायला तुमची वही पुरेशी असते, जर तिच्यात त्याच जागेचे, त्याच वेळेचे, मागच्या सहा महिन्यांचे पहाटेचे आकडे असतील. अर्जाला तीच पानं झेरॉक्स करून जोडा, पानांवर तारखा स्पष्ट दिसतील अशी, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.